शांतता क्षेत्रातले स्नेहसंमेलन

2018-19 या शैक्षणिक वर्षी आमच्या माध्यमिक शाळेचा सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आला, त्याचे कारण एवढेच की तो कोणालाच नको होता आणि जूनमधल्या पहिल्या शिक्षक सभेला मी दहा मिनिटे उशिरा पोहोचले होते. वर्षभरातले बहुतेक उपक्रम, म्हणजे विद्यार्थी मंडळाची निवड, हरित सेनेची रोपलागवड, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, विज्ञान मंडळाचे प्रदर्शन आणि एस.टी.च्या निम्म्या भाड्याच्या सवलतीत झालेली रायगडची सहल, इतके सुरळीत पार पडले की त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. अडले ते स्नेहसंमेलन, आणि तेही मुलांमुळे, पालकांमुळे किंवा पैशांमुळे नव्हे, तर ध्वनिक्षेपकाच्या एका परवान्यामुळे.

संमेलन शनिवार, 22 डिसेंबर रोजी शाळेच्या मैदानावर ठरले होते. त्या दिवशी राष्ट्रीय गणित दिन असल्याने गणित मंडळाच्या सरांनी बीजगणितावर एक नाटुकले बसवले होते, त्यामुळे तारीख हलवणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. मी 3 डिसेंबरला पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि एकोणीस दिवस पुष्कळ झाले अशा समजुतीने परत आले. चार दिवसांनी चौकशीला गेले तेव्हा कळले की अर्जात कार्यक्रमाची सुरुवात होती, शेवट नव्हता. ‘सायंकाळी 5 पासून’ एवढेच मी लिहिले होते. ही चूक निखालस माझी होती. दुसरा अर्ज ‘दुपारी 4 ते रात्री 9.30’ असा नेमका लिहिला आणि या वेळी स्थळप्रतीवर पोच घेतली. पहिल्या अर्जाची पोच मी घेतली नव्हती, त्यामुळे आमचा अर्ज 3 तारखेचा होता हे पुढे कोणापुढेही सिद्ध करता आले नाही.

दुसऱ्या अर्जावर जी हरकत निघाली, ती ऐकून मला आधी हसू आले. गोपनीय विभागाचे हवालदार अत्यंत सौजन्याने म्हणाले, “बाई, हे ठिकाण शांतता क्षेत्रात येते. तिथे स्पीकरला परवानगी देता येत नाही.”

मी विचारले, “शांतता क्षेत्र कशामुळे?”

“शेजारी शाळा आहे ना.”

“शेजारी नाही, ती शाळाच आमची आहे. अर्ज शाळेचाच आहे.”

“तेच म्हणतोय मी.”

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद आहे, आणि अशा क्षेत्रात दिवसा 50 व रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये हा त्यामागचा हेतू अगदी योग्य आहे. परंतु ज्या मुलांच्या शांततेसाठी नियम झाला, त्यांनाच वर्षातून एक संध्याकाळ स्वतःच्या मैदानावर गाता येऊ नये, हा अर्थ त्यातून कसा निघतो, हे मला आजही उमगलेले नाही. त्याच आठवड्यात नववीची घटक चाचणी चालू असताना एक वरात डीजेसह आमच्या फाटकासमोर वीस मिनिटे थांबून नाचली होती. तिच्या परवान्याविषयी मी विचारले, तेव्हा हवालदारांनी शांतपणे पुढची फाइल उघडली.

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील वकील आहेत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी 2017 सालची दुरुस्ती छापून आणून दिली. तिच्यानुसार राज्य शासनाने स्पष्टपणे अधिसूचित केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्रात मोडत नाही. मी तो कागद घेऊन विजयी मुद्रेने ठाण्यात गेले आणि तिथेच खरी अडवणूक सुरू झाली, कारण आता मागणी झाली ती ‘हा परिसर अधिसूचित नाही’ अशा लेखी दाखल्याची. हा दाखला कोण देतो, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. मला नगरपरिषदेकडे पाठवण्यात आले. नगरपरिषदेत सांगितले की हा विषय महसूलचा आहे. महसूलच्या कार्यालयात बाहेरच्या बाकावर दीड तास बसल्यावर उत्तर मिळाले की अधिसूचना असती तर तिची प्रत देता आली असती, नसलेल्या अधिसूचनेची प्रत कुठून देणार? हे उत्तर तर्काला धरूनच होते, पण ते लिहून द्यायला तिथे कोणी तयार होईना, आणि लेखी काही नाही म्हणून ठाण्यातला अर्ज पुढे सरकेना.

या फेऱ्यांत माझे सहा दिवस गेले. शाळेत तोवर रंगीत तालमी चालू झाल्या होत्या, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम दिली होती, आणि सातवीच्या मुली रोज मधल्या सुट्टीत विचारत होत्या, “बाई, गॅदरिंग नक्की आहे ना?” मी रोज “आहे” म्हणत होते. मुख्याध्यापकांनी कार्यक्रम माइकशिवाय करण्याची सूचना केली. सहाशे मुले आणि तेवढेच पालक उघड्या मैदानावर बसलेले असताना पाचवीतल्या मुलाचे निवेदन तिसऱ्या रांगेच्या पुढे पोहोचणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असावे, पण त्या आठवड्यात कोणाचाच धीर शाबूत नव्हता, माझा तर नव्हताच. एकदा मी ठाण्यात आवाज चढवला, आणि त्याचा उपयोग एवढाच झाला की पुढच्या भेटीत मला बसायला खुर्ची मिळाली नाही.

गुरुवारी, 20 तारखेला, वकील पालकांनी नियमांतील ‘प्राधिकारी’ या शब्दाची व्याख्या मला वाचून दाखवली. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला नेमलेला अधिकारी, असे तिचे स्वरूप आहे. म्हणजे ज्या टेबलासमोर मी दोन आठवडे उभी होते, त्या टेबलाला निर्णयाचा अधिकारच नव्हता. मी शुक्रवारी सकाळी थेट उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या, म्हणजे उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात गेले. साहेबांनी कागद वाचले आणि ठाण्यात दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला, “परिसर अधिसूचित असल्याचा कागद तुमच्याकडे आहे का?” पलीकडून नकार आला असावा. “मग नाही म्हणूनच समजा,” असे म्हणून त्यांनी शेरा मारला. याला पाच मिनिटेही लागली नाहीत. बाहेर येऊन मी जिन्यात उभी राहिले आणि मला रडू कोसळले, हे सांगायला संकोच वाटतो, पण ते खरे आहे. संध्याकाळी साडेपाचला, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र दिल्यानंतर, परवाना हातात पडला.

आता ज्यांच्याकडे हा विभाग नव्याने येईल, त्यांनी अर्ज नोव्हेंबरातच द्यावा आणि परवानगी कोणाच्या सहीने निघते हे पहिल्याच दिवशी विचारावे. अर्जाला मैदानाचा हाताने काढलेला नकाशा जोडावा आणि त्यात स्पीकरचे बॉक्स कोणत्या दिशेला तोंड करून असतील ते दाखवावे. आम्ही ते शाळेच्या इमारतीकडे वळवले होते, आणि साहेबांनी कागदांतली तीच एक गोष्ट वाखाणली. रात्री दहाची मर्यादा सणासुदीच्या ठरावीक दिवशी शिथिल होते, त्या दिवसांत आपले संमेलन बसवू नये, कारण तेव्हा ठाण्यात अर्जांचा ढीग असतो. साऊंडवाल्याने आम्हाला चित्रपटगीतांच्या परवान्याचीही भीती घातली होती. तिचे निरसनही वकिलांनीच केले. विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी संस्थेच्या उपक्रमात, विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुढेच केलेल्या सादरीकरणाला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. म्हणून आम्ही निमंत्रणपत्रिकेवर ‘केवळ पालकांसाठी’ असे ठळक छापले. आणि हो, शेलापागोटे, म्हणजे संमेलनात एकेकाला उद्देशून वाचले जाणारे चिमटे, आधी वाचून घ्यावेत. परवान्याच्या धावपळीत ते माझ्याकडून राहून गेले आणि संस्थेच्या सचिवांना जे ऐकावे लागले, त्याचा खुलासा मला सोमवारी लेखी द्यावा लागला.

संमेलन 9 वाजून 25 मिनिटांनी संपले. बीजगणिताच्या नाटुकल्यात ‘क्ष’ झालेला मुलगा संवाद विसरला, तरी टाळ्या सर्वाधिक त्यालाच पडल्या. परवान्याची मूळ प्रत मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पूर्ण संध्याकाळ हातात धरून होते. ती पाहायला कोणीही आले नाही.