पाणी तर आलंच होतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. संडे स्कूलच्या पोरांपासून आमच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांचा हा प्रश्न असतो: इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या आणि चाळीस वर्षं त्यांची कुरकुर सोसणाऱ्या मोशेला काठीच्या दोन फटक्यांपायी कनानबाहेर, म्हणजे देवाने वचन दिलेल्या देशाबाहेर, ठेवलं, हे जरा जास्तच नाही का झालं?

मलाही जास्तच वाटायचं. लोक सोन्याचं वासरू करून पुजायला लागले, त्या वेळी त्याने देवाच्या हातच्या आज्ञांच्या पाट्या आपटून फोडल्या, तेव्हा त्याला कोणी बोललं नाही. मग इथेच एवढं काय?

बायबलातल्या गणना या पुस्तकाचा विसावा अध्याय सावकाश वाचा. सुरुवातीलाच मोशेची बहीण मिर्याम वारते, कादेशला तिला पुरतात. बहीण गेलेल्या माणसापुढे जमाव भांडायला येतो: अंजीर नाहीत, द्राक्षं नाहीत, डाळिंबं नाहीत, प्यायला पाणी नाही. (पाण्याचं समजू शकतो. डाळिंबं?) परमेश्वर सांगतो, काठी घे, लोकांना जमव आणि त्यांच्यादेखत खडकाशी बोल. मोशे काठी घेतो, लोक जमवतो. बोलतोही, पण लोकांशी: बंडखोरांनो, आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढायचं काय? आणि काठी दोनदा हाणतो.

त्यातला ‘आम्ही’ मला खुपतो. पाणी काढणारा कोण, हेच त्या एका शब्दात बदललं. ‘तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, लोकांसमोर मला पवित्र मानलं नाही,’ असा ठपका परमेश्वराने मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन दोघांवर ठेवला, तो याचसाठी असावा.

पण मला जास्त शिकवलं ते बायबलातल्याच निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायाने. मिसरातून निघाल्यावर रफीदीमला असंच पाणी नव्हतं, तेव्हा आज्ञाच होती: खडकावर काठी मार. म्हणजे कादेशला मोशेने मनचं काही काढलं नाही. एकदा लागू पडलेलं तेच पुन्हा केलं. हातात काठी होतीच, आणि ती घ्यायला देवानेच सांगितलं होतं. फक्त या वेळचं वाक्य वेगळं होतं.

आणि पाणी आलं, भरपूर आलं. माणसं प्यायली, गुरं प्यायली. त्या दिवशी जमावातल्या कुणाला वाटलं असेल की मोशेचं चुकलं?

शिक्षा जास्त होती का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मोशेलाही ती जड गेली. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तो गयावया करतो, यार्देन नदीपलीकडे कनानात जाऊ दे म्हणतो, आणि ‘पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस’ असं ऐकून घेतो.

मी आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार होतो तेव्हाची गोष्ट. एका वडीलधाऱ्या सभासदाची वर्गणी दोन वर्षं थकली होती. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, घरी जाऊन एकट्याने बोला. पूर्वी एकदा मी थकबाकीची यादी भक्तीनंतर वाचून दाखवली होती आणि आठवड्यात पैसे जमले होते. या वेळीही वाचली. त्या रविवारी मीही ‘आम्ही हिशेब चोख ठेवतो’ असं काहीतरी बोललो. पैसे आले, पै न् पै. पंचांनी पाठ थोपटली.

पाळकांनी पावतीपुस्तक चाळून मिटलं आणि एवढंच विचारलं, “त्यांच्या घरी गेला होतात का?”