बोनेअरला आठवड्यात किती डाइव्ह होतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण बोनेअरला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, किती डाइव्ह झाल्या, म्हणजे पाठीवर हवेचा टँक बांधून किती वेळा पाण्याखाली गेलात? पहिल्या खेपेला 19 झाल्या होत्या आणि तिसऱ्या खेपेला 12, आणि मला विचाराल तर ती 12 वाली ट्रिप कितीतरी सरस होती.

आधी जागा सांगते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण 80 किलोमीटरवरचं कॅरिबियन समुद्रातलं छोटंसं बेट, 2010 पासून नेदरलँड्सचा भाग, पण चलन अमेरिकन डॉलर आणि लोकांची भाषा पापियामेंटू. नेदरलँड्सचं असलं तरी ते शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असेल तर तिकिटाआधी व्हिसाचं बघा. इथली मोठी गंमत म्हणजे बोट लागत नाही. भाड्याने पिकअप घ्यायची, मागे टँक टाकायचे, पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्याने निघायचं, कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यावर साइटचं, म्हणजे डाइव्हच्या जागेचं, नाव लिहिलेलं असतं, वाटलं तिथे थांबायचं, गियर (डाइव्हचं सामान) चढवायचं आणि एकमेकांचा हात धरून दगडगोट्यांवरून पाण्यात उतरायचं. थोडं पोहून गेलं की रीफ, म्हणजे कोरलचे (प्रवाळाचे) खडक सुरू. सकाळी आठला बोट सुटेल म्हणून कोणी हाका मारत नाही.

आणि त्यामुळेच माणूस हावरा होतो. पहिल्या वर्षी आम्ही दिवसाला तीन-तीन, चार-चार मारत सुटलो, बुधवारपर्यंत माझे कान दुखायला लागले आणि घरी येऊन लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, उघडलं तर कुठली साइट कुठली तेच आठवेना. त्यात शनिवारी सकाळची फ्लाइट आणि शुक्रवारी संध्याकाळी टँक घ्यायला गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, परत कधी जाताय? आम्ही सांगितलं, तिने टँक दिले नाहीत. तिचं बरोबर होतं. रक्तात आणि शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याचे अंगातच बुडबुडे होऊन इजा होऊ शकते, म्हणून बरेच दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबा असं सांगतात, आम्ही आता 24 धरतो.

म्हणून प्लॅन शेवटच्या दिवसापासून उलटा करा. शेवटचा दिवस कोरडा. त्या दिवशी दक्षिणेकडे जा, तिथे मिठागरं आहेत, गुलाबी पाणी, मिठाचे पांढरे डोंगर, नशीब असेल तर फ्लेमिंगो. आणि तिथेच समुद्राकडे तोंड करून गुलामांच्या झोपड्या उभ्या आहेत, 1850 च्या सुमाराच्या, मिठावर राबणारी माणसं त्यात झोपायची. आत ताठ उभं राहता येत नाही. मी वाकून आत गेले आणि बाहेर आल्यावर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललोच नाही. डाइव्हच्या गडबडीत हे बघायचं राहून जाऊ देऊ नका.

पहिला दिवस पण हलकाच ठेवा. अख्ख्या बेटाभोवतीचा समुद्र 1979 पासून मरीन पार्क आहे, त्याची फी भरायची, माहिती ऐकायची आणि मग एक साधी चेक डाइव्ह, सामान आणि आपण दोन्ही ठीक आहोत ना ते बघायला. हातमोजे घालायला बंदी आहे, का ते पाण्यात गेल्यावर कळतं, मोजे असले की हात आपोआप कोरलला टेकतो.

मधल्या दिवसांत हिल्मा हूकर बघाच, 1984 मध्ये बुडालेलं जहाज, साधारण 30 मीटरवर आडवं पडलंय. पण माझं खरं सांगणं हे आहे की एक साइट निवडा आणि तिथे तीनदा जा. आम्ही बारी रीफ निवडली. पहिल्या दिवशी एक मोठा ग्रूपर मासा दिसला आणि आम्ही जवळ जाताच निघून गेला. तिसऱ्या वेळी तो कुठल्या खडकापाशी येतो ते माहीत होतं, म्हणून लांबच थांबलो, श्वास हळू, हालचाल नाही. तो आला, तोंड आ वासून स्थिर राहिला आणि बोटाच्या पेराएवढे निळ्या पट्टीचे मासे त्याच्या तोंडात शिरून दातांच्या फटी साफ करायला लागले, कल्ल्यातून आत काय, बाहेर काय, पाचेक मिनिटं हे चाललं होतं आणि तो त्यांना गिळत नव्हता!

परत परत गेलं की वाईटही दिसतं. त्याच खडकाजवळ दुरडीएवढा ब्रेन कोरल होता, मेंदूसारख्या वळ्यांचा, माझा आवडता. 2023 मध्ये बोनेअरला कोरलचा एक भयंकर रोग पोचला, आणि पुढच्या खेपेला गेलो तर त्या कोरलवर नुसतं शेवाळ. एवढं वाढायला त्याला किती वर्षं लागली असतील. आता आम्ही रोज संध्याकाळी सगळं गियर जंतुनाशकात बुडवून मग धुतो, तुम्हीपण कंटाळा करू नका, रोग लागलेल्या साइटवरून चांगल्या साइटवर तो आपल्या हातून जायला नको.

पिकअपमध्ये पाकीट, फोन काहीही ठेवू नका, पाण्यात असताना गाडीकडे बघायला कोणी नसतं. आणि तिकीट काढण्याआधी परतीच्या फ्लाइटची वेळ मला कळवा, त्यावरून शेवटची डाइव्ह कधी ते आपण बसून ठरवू.