कार्यानुभवाच्या तासाला घडलेला ईस्टर

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे निमंत्रण आले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. गणित, व्याकरण, इतिहास या साऱ्यांचे ऋण आहेच. परंतु शाळेने माझ्या हातांना जे शिकवले ते कार्यानुभवाच्या तासाला शिकवले, आणि त्यातही ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत वर्गात जे काही बनत असे त्याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. नाताळची आरास सगळ्यांनाच ठाऊक असते, कारण गोठा, तारे आणि कंदील रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतात. ईस्टर हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा, ख्रिस्ती श्रद्धेतला सर्वांत मोठा सण असूनही तो बाहेरून फारसा दिसत नाही. आमच्या वसईतल्या या मराठी माध्यमाच्या शाळेत मात्र तो दिसत असे, आणि जे दिसे ते सर्व आम्ही मुलांनी घडवलेले असे.

मी शाळेत होते ती १९८० च्या दशकाची अखेरची वर्षे. वर्गात सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांतली मुले होती, हिंदू घरांतली होती, काही मुस्लीम मैत्रिणीही होत्या. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होई, आणि त्याच आठवड्यात कार्यानुभवाच्या सिस्टर सर्वांना सांगत की यापुढे घरी अंडे फोडू नये, फुंकून रिकामे करावे आणि टरफल शाळेत आणावे. अडचण अशी होती की आमच्यापैकी पुष्कळ घरांत उपवासकाळात मांसाबरोबर अंडेही वर्ज्य असे. माझी आजी तर त्या दिवसांत कोंबडीखालची अंडी उचलून सरळ शेजारी देऊन टाकी. त्यामुळे ईस्टरसाठी लागणारी टरफले येत ती हिंदू आणि मुस्लीम मैत्रिणींच्या घरून. त्यांच्या आया सकाळच्या घाईतही सुईने भोके पाडून अंडे रिकामे करीत आणि टरफल कापसात गुंडाळून डब्यात घालून पाठवीत. त्या माउलींचे आभार त्या काळी कोणी मानले होते की नाही, हे मला आठवत नाही. म्हणून ते येथे मनापासून मानते.

अंड्याचा आणि ईस्टरचा संबंध काय, हे सिस्टरांनी आम्हांला नीट समजावून सांगितले होते. मध्ययुगीन युरोपात उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी खाण्यास मनाई होती. कोंबड्या मात्र अंडी घालीतच राहत, म्हणून ती साठत जात आणि उपवास सुटला की सणाच्या ताटात मानाने येत. पूर्वेकडील ख्रिस्ती लोक, विशेषतः ग्रीक, ती लाल रंगवतात, कारण तो रंग ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण देतो. बंद कवच म्हणजे बंद कबर आणि त्यातून बाहेर येणारा जीव म्हणजे पुनरुत्थान, हा अर्थही त्यांनीच सांगितला. धार्मिक अर्थ सांगताना त्या कोणावर काही लादत नसत, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला ब्रश मात्र हातात घ्यावाच लागे.

रंगवण्याचे काम मला आजही टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर दिसते. अंड्याच्या टोकदार बाजूला बारीक आणि रुंद बाजूला जरा मोठे भोक पाडायचे, सुई आत घालून बलक मोडायचा, मग बारीक भोकातून हळूहळू फुंकर घालायची. टरफल आतून व्हिनेगर घातलेल्या पाण्याने खळबळून उन्हात नव्हे तर सावलीत वाळवायचे. रंग विकत आणायचे नाहीत, असा सिस्टरांचा दंडक होता. कांद्याच्या सुक्या साली पाण्यात उकळल्या की गडद तांबूस रंग उतरतो, हळदीचा पिवळा येतो आणि बिटाचा गुलाबी, जो लवकर फिका पडतो. प्रत्येक पातेल्यात चमचाभर व्हिनेगर घालायचे. त्याच्या आम्लाने टरफलाचा पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंग धरून राहतो. रिकामे टरफल पाण्यावर तरंगते आणि अर्धेच रंगते, म्हणून त्यावर एक बशी उपडी घालून ते बुडवून ठेवावे लागे. पांढऱ्या इंग्लिश अंड्यांवर रंग स्वच्छ उमटे. गावठी अंड्यांचे कवच मुळातच तपकिरी, त्यामुळे त्यांच्यावर तो वेगळाच, मातकट आणि मला अधिक आवडणारा असा येई.

त्यातला सर्वांत सुंदर प्रकार पानांच्या ठशाचा होता. त्यासाठी अंडे रिकामे करीत नसत. ओल्या अंड्यावर कोथिंबिरीचे किंवा शेवग्याचे पान पसरून चिकटवायचे, त्यावर जुन्या मलमलचा तुकडा ताणून दोऱ्याने घट्ट बांधायचा आणि ती पुरचुंडी कांद्याच्या सालींत उकळायची. थंड झाल्यावर फडके सोडले की तांबूस कवचावर पानाची शीर न् शीर फिकट रंगात उमटलेली असे. शेवटी बोटाला खोबरेल लावून अंडे पुसले की त्याला तुकतुकी येई. शेवग्याच्या पानाचा ठसा इतका रेखीव येई की आमचे चित्रकलेचे सर ती अंडी मागून नेत आणि वरच्या वर्गाला दाखवीत.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, हे गणितही आम्ही याच निमित्ताने शिकलो. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. सिस्टर आम्हांला वर्गातल्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहून तो शोधायला लावीत. १९८७ साली ती पौर्णिमा हनुमान जयंतीची होती आणि ईस्टर १९ एप्रिलला आला. १९८९ साली फाल्गुनातली, होळीचीच पौर्णिमा २२ मार्चला धरली गेली आणि ईस्टर २६ मार्चला आला. एप्रिलात सण आला की वार्षिक परीक्षेची आणि रंगकामाची गाठ पडे. पालकांची तक्रार होई, आणि तरीही शाळेने ते तास कधी रद्द केले नाहीत. हा निर्णय घेणाऱ्या मुख्याध्यापिकांविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

झावळ्यांच्या रविवारसाठी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारसाठी, क्रूस विणण्याचे काम मुलग्यांकडे असे, कारण वाडीतून कोवळी पिवळसर झावळी आणणे त्यांना सोपे जाई. माडाचा शेंडा दुखावला तर झाडच जाते, म्हणून ती कोणी मोठ्या माणसाने काढलेली असावी, असा नियम होता. पातीतला हीर सोलून काढला की मऊ पट्टी उरते. ती दुमडून, मधोमध गुंफून, टोक आत सारून क्रूस घट्ट बसवायचा, गाठ कोठेही मारायची नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आशीर्वादित झालेले हे क्रूस वर्षभर घराच्या दारावर आणि पवित्र चित्रांमागे राहत, वाळून तपकिरी होत आणि पुढच्या उपवासकाळाआधी चर्चमध्ये परत जात, कारण राखेच्या बुधवारी कपाळाला लागणारी राख त्यांचीच असते. आपण विणलेली वस्तू जाळली जाणार आहे हे ठाऊक असूनही ती नीटनेटकी विणायची, हे मला तेव्हा विचित्र वाटे आणि आता फार योग्य वाटते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री चर्चमध्ये होणाऱ्या पास्का जागरणविधीसाठी मेणबत्त्यांना पुठ्ठ्याच्या चकत्या कापणे, क्रेप कागदाची लिली करणे ही कामे लहान वर्गांची असत.

आमच्या तुकडीने ज्यात खरी भर घातली ती म्हणजे ख्रिस्ताच्या कबरीची बाग. मोठ्या परातीत माती पसरून एक लहान मडके आडवे पुरायचे, ती कबर. तिच्या तोंडाशी गोल दगड, आणि भोवती हिरवळ. हिरवळीसाठी सिस्टर मोहरी पेरायला सांगत, पण ती विरळ उगवे. तेव्हा माझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने सांगितले की तिच्या घरी नवरात्रात घटाभोवती जसे गहू पेरतात तसे पेरावे. गहू रात्रभर भिजवायचे, मातीत दाट पसरायचे, पाणी हाताने शिंपडायचे, ओतायचे नाही, नाहीतर बुरशी येते. नऊ दिवसांत वीतभर अंकुर येतात. हिशेब अचूक जमला. झावळ्यांच्या रविवारआधीच्या शुक्रवारी पेरलेले गहू ईस्टरला डोलू लागले. सिस्टरांनी तिला सर्व वर्गांसमोर उभे करून तिच्या आईसाठी निरोप दिला, आणि त्यानंतर शाळेतली बाग नेहमी गव्हाचीच झाली. विधी संपला की बालवाडीतले एखादे मूल पुढे होऊन तो दगड बाजूला सारी आणि मडक्यात डोकावून कबर रिकामी असल्याचे सर्वांना ओरडून सांगे.

खाऊचे काम नववीच्या वर्गाचे. त्यासाठी माझी वांद्र्याची मावशी प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे पिशवीत गुंडाळून घेऊन येई, आणि सिस्टरांच्या स्वयंपाकघरात मर्झिपानची, म्हणजे वाटलेल्या सुकामेव्याच्या आणि साखरेच्या गोळ्याची, अंडी होत. युरोपात मर्झिपान बदामाचे असते. आपल्या किनाऱ्यावर ते बहुधा काजूचे करतात, आणि काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. अर्धा किलो काजू गुलाबपाण्यात अगदी गंधासारखे वाटायचे, तितकीच साखर आणि दोन अंड्यांचा पांढरा बलक घालून मंद आचेवर ढवळायचे. हात थांबला की तळ लागतो, म्हणून आम्ही पाळीपाळीने ढवळत असू. गोळ्याने पातेल्याच्या कडा सोडल्या की उतरवायचा, कोमट असताना मळायचा, साच्यात पिठीसाखर भुरभुरून दाबून बसवायचा. दोन अर्धुके बलकाने जोडायची, सांधा लपेल अशी आयसिंगची बारीक नक्षी बटर पेपरच्या कोनाने काढायची. मावशी सांधा बोटाने चाचपून पाहत असे आणि फट सापडली तर अंडे परत देत असे. तयार अंडी झाकून सावलीत वाळत ठेवावी लागत, कारण एप्रिलच्या दमट हवेत ती पाझरू लागतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी पहिली अंडी जात ती टरफले पाठवणाऱ्या घरांकडे. इंद्याल हे मांसाचे आंबटतिखट कालवण आणि फुगे हे तळलेले गोल पाव प्रत्येक ख्रिस्ती घरात होतच. ही अंडी मात्र शाळेच्या नावाने जात.

आता वसईच्या बाजारात चकचकीत कागदातली चॉकलेटची आणि प्लास्टिकची अंडी सहज मिळतात. चॉकलेटच्या अंड्यालाही स्वतःचा इतिहास आहे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते १८७३ साली बाजारात आणले, आणि मुलांना ते आवडते यात काही वावगे नाही. प्लास्टिकच्या अंड्यांविषयी मात्र माझे मत कठोर आहे. ती शेजारच्या घरातून मागावी लागत नाहीत, जपून आणावी लागत नाहीत, आणि त्यांच्यासाठी उपवासकाळाचे आठवडे वाट पाहावी लागत नाही. मग मुलाच्या पदरात नेमके काय पडते, हे मला कळत नाही.

मावशी आता हयात नाही. तिचे साचे आमच्या तुकडीने सुवर्णमहोत्सवाची भेट म्हणून शाळेला द्यायचे ठरवले आहे आणि विद्यमान मुख्याध्यापिकांनी त्यास आनंदाने संमती दिली आहे. साचे धुऊ नयेत, कोरड्या ब्रशने साफ करावेत. प्लास्टर पाणी पिते आणि पुढच्या वेळी मर्झिपान त्याला चिकटते. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला, म्हणजे परीक्षेच्या बराच आधी येतो, आणि राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. टरफले त्या दिवसापासून गोळा करावी लागतील. कांद्याच्या साली मी आणि माझ्या वर्गमैत्रिणी पोत्याने पाठवू. काजू वाटण्यासाठी आणि आचेपाशी उभे राहण्यासाठी आम्ही स्वतः येऊ.