पुंगळी तीच, गळा रुंद: वायोमिंगमधला एक दिवस

बिलिंग्जहून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. लॉरेल, ब्रिजर, बेलफ्री ही मोंटानातली गावं मागे पडली, वायोमिंगची हद्द लागली आणि मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना राखाडी सेजब्रशखेरीज काही उरलं नाही. हार्ट माउंटनचा एकटा, कलता माथा दिसू लागला तेव्हा कळलं, कोडी आलं.

बहुतेक प्रवासी यलोस्टोनला जाताना या गावात एक रात्र टेकतात. मी इथवर आलो होतो काडतुसांसाठी. बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टच्या एकाच छताखाली पाच संग्रहालयं आहेत, त्यातलं एक कोडी फायरआर्म्स म्युझियम. विंचेस्टर कंपनीचा संग्रह कनेटिकटमधल्या न्यू हेवनहून १९७०च्या दशकात इथे आला. २०१९मध्ये नूतनीकरण होऊन दालनं पुन्हा उघडली. सकाळचे तीन तास तिथे गेले आणि ते सार्थकी लागले. पण कारखान्याचा संग्रह कारखान्याची गोष्ट सांगतो. मला ओढ होती ती घरच्या गॅरेजमध्ये जन्मलेल्या काडतुसांची.

त्यांना वाइल्डकॅट म्हणतात, म्हणजे रानमांजर. कुठल्याही कंपनीने बाजारात न आणलेलं, ‘सामी’ या अमेरिकी उद्योगसंस्थेने मापं प्रमाणित न केलेलं काडतूस. एखाद्याने तयार काडतुसाची पुंगळी, म्हणजे पितळी कवच घ्यायचं, तिचा आकार बदलायचा, त्या आकाराचं चेंबर (काडतूस बसायची जागा) कोरून बॅरल, म्हणजे नळी बसवायची. बरेच जण पुंगळीचा गळा (जिथे गोळी बसते तो भाग) आवळतात, म्हणजे मोठ्या पुंगळीत बारीक गोळी बसते आणि ती सुसाट जाते. त्याची चर्चाही भरपूर होते. मला मात्र पहिल्यापासून उलटा मार्ग आवडतो: छोटी पुंगळी घ्यायची आणि गळा रुंद करून तिच्यात जाड, जड गोळी बसवायची.

दुपारी एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांकडे गेलो. आयुष्यभर लेथवर काम केलेले गृहस्थ. गावाबाहेर घर, मागे शेड. बाकावर त्यांनी .२२३ रेमिंग्टन या रायफलीच्या काडतुसाच्या चार पुंगळ्या ओळीने उभ्या केल्या होत्या. पहिली जशीच्या तशी, ५.७ मिलिमीटर गोळीची. पुढच्या तिघींचे गळे ६, ६.५ आणि ७ मिलिमीटरचे. तळ एकच, उंची जवळपास एकच, आणि तरीही चार वेगळी काडतुसं.

शेवटची ७ एमएम टीसीयू. टीसीयूमधला ‘यू’ म्हणजे वेस उगाल्डे, ज्यांनी ही मालिका थॉम्पसन/सेंटरच्या एकबारी काँटेंडर पिस्तुलासाठी बेतली. तिची गरज एका खेळातून निघाली. पिस्तुलाच्या मेटॅलिक सिल्हूट स्पर्धेत पोलादी आकृत्या असतात: ५० मीटरवर कोंबडी, १००वर डुक्कर, १५०वर टर्की, २००वर मेंढा. नुसता नेम लागून भागत नाही, आकृती पडावी लागते. हलकी, वेगवान गोळी मेंढ्यावर आपटून फुटते आणि तो उभाच राहतो. जड गोळी त्याला ढकलते.

इथे मला वही काढावी लागली. नेहमीची .२२३ची गोळी साधारण साडेतीन ग्रॅमची, वेग सेकंदाला ९८० मीटरच्या आसपास. त्याच कुळातल्या, रुंद गळ्याच्या .३०० ब्लॅकआउट काडतुसात १४ ग्रॅमची गोळी ३१० मीटरने जाते. गतिज ऊर्जा काढली तर दुसरीची निम्म्याहूनही कमी भरते. संवेग काढला तर दुसरीच पुढे! ‘जास्त ताकद’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या की वाद संपत नाहीत, हे त्या वहीच्या पानावर मला स्वच्छ दिसलं.

मग त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं. पुंगळीच्या गळ्यात जराशी वंगण-मेणाची बोटं फिरवली, प्रेसमध्ये निमुळता दांडा बसवला आणि हात खाली ओढला. पितळ कुरकुरलं नाही, आवाजच नाही. गळा रुंदावला होता. तिसऱ्या पुंगळीला मात्र केसाएवढी चीर गेली. ती बऱ्याचदा वापरलेली होती, आणि प्रत्येक वापराबरोबर पितळ कडक होत जातं. म्हणून गळा आधी आचेवर मऊ करून घेतात. फक्त गळा. दाब झेलायचा असतो तळाला, तो मऊ पडला तर जिवाशी गाठ.

रुंद करण्यालाही मर्यादा आहे. ही काडतुसं चेंबरमध्ये खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर टेकतात, आणि गळा फुगला की खांदा झिजतो. ब्लॅकआउटमध्ये खांदा आणि गळा यांच्या व्यासात जेमतेम ०.७ मिलिमीटरचा फरक उरतो. तेवढ्यावर सगळा भरवसा. म्हणूनच लांबी मोजताना ते बोलत नव्हते आणि मीही नाही.

ब्लॅकआउटची वंशावळ त्यांनी कौतुकाने सांगितली. १९६३मध्ये रेमिंग्टनने एक्सपी-१०० हे बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचं) पिस्तूल काढलं आणि त्यासाठी .२२२ काडतुसाची पुंगळी आखूड करून .२२१ फायरबॉल बनवलं. जे. डी. जोन्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच फायरबॉलचा गळा .३०पर्यंत वाढवून .३०० व्हिस्पर केलं. २०११मध्ये जवळजवळ त्याच मापांचं .३०० एएसी ब्लॅकआउट ‘सामी’च्या यादीत आलं. रानमांजर घरात आलं, असं मी तरी म्हणेन.

यातली युक्ती फार सुंदर आहे. तळ .२२३चाच, म्हणून बोल्ट तोच, मॅगझिन तेच, बदलायची फक्त बॅरल. नळीचं छिद्र मोठं झालं की गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ जवळपास १.९ पट होतं. थोड्या दारूचा वायू त्या रुंद नळीत लवकर पसरून जातो, म्हणून आखूड बॅरलही पुरते.

याच सोयीत धोकाही आहे. ब्लॅकआउटचं काडतूस कधीकधी .२२३च्या रायफलीत शिरतं, बोल्ट बंदही होतो. चाप ओढला तर जाड गोळीला बारीक नळीतून वाट मिळत नाही आणि रायफल फुटते. त्यांच्याकडे दोन्हींचे डबे वेगवेगळ्या कपाटांत होते, मॅगझिनांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या. हे शिस्तीचं काम मला गळा रुंद करण्याइतकंच महत्त्वाचं वाटलं.

ऊन उतरल्यावर शेडमागच्या मातीच्या बांधाकडे गेलो. १०० यार्डांवर पोलादी पत्रा टांगलेला. आवाजाच्या वेगाखालची गोळी, पुढे सायलेन्सर. त्यांनी चाप ओढला. बोल्टची खटखट, मग मोकळी जागा, मग लांबून ‘टण्ण’. गोळी पोचायला सुमारे ०.३ सेकंद, आवाज परतायला तेवढाच. ती अर्ध्या सेकंदाची पोकळी मी पुन्हा पुन्हा ऐकली. पाचही वेळा श्वास आपोआप रोखला गेला.

मी पत्र्याकडे बघत राहिलो. ते मात्र वाकून सेजब्रशच्या मुळांशी पुंगळ्या शोधत होते. चार सापडल्या. पाचवीसाठी आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर होतो. ती एका दगडाला टेकून पडली होती, गळा शाबूत.