सात नंबर

"सात नंबरचं मशीन लावा." वाशीच्या डायलिसिस सेंटरमध्ये आज सिस्टर म्हणाल्या. सात नंबर म्हणजे आमच्या काकू. याच सिस्टर पूर्वी सुई टोचताना नातवाच्या गमती विचारायच्या. आज हात तितकाच सफाईदार, पट्टी नीट चिकटवलेली. नजर मात्र मशीनवरच.

"सलग दुसरी ड्युटी," एवढंच बोलल्या.

राग नाही आला, काळजी वाटली. थकवा, कामातून मन उडणं, आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची ओळख हीच सांगितली. आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. मग सिस्टरना नुसतं "योगा करा" सांगून कसं भागेल? हक्काची सुट्टी आणि बदली माणूस द्यायलाच हवा.

इथे कुणी नर्स, समुपदेशक असाल तर सांगा, तुमच्याकडे सलग ड्युटीला नाही म्हणता येतं का?