उजवं टोक नसलेला गुणाकार

रविवार, रात्री उशिरा

एमएससीचं दुसरं वर्ष चालू आहे, दूरशिक्षणाने, विषय गणित. स्टाफरूममध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, निवडश्रेणीसाठी, म्हणजे वरच्या पगारश्रेणीसाठी करताय का मॅडम. निवडश्रेणी मिळाली तर हवीच आहे पण मी फॉर्म भरला तो नववीच्या वर्गासाठी. हे सांगितलं की लगेच विचारतात, नववीच्या पुस्तकात तुमच्या एमएससीची टोपोलॉजी कुठे आहे?

या आठवड्यात वास्तव संख्या घेतेय. करणींचा गुणाकार, √२ × √३ = √६, नियम फळ्यावर लिहिला, दोन उदाहरणं झाली, पुढे जाणार तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने वहीत १.४१४ आणि १.७३२ गुणून बघितले होते, आले २.४४९०४८, आणि √६ तर २.४४९४८९ आणि पुढे चालूच. म्हणाली, मॅडम आपण गुणाकार उजवीकडून सुरू करतो ना, मग जिला उजवीकडे शेवटच नाही त्या संख्येचा गुणाकार सुरू कुठून करायचा?

किती सुंदर प्रश्न! आणि हा थेट डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाचा प्रश्न आहे. १८५८ मध्ये झुरिकला कॅल्क्युलस शिकवायला उभा राहिल्यावर त्याला जाणवलं की वास्तव संख्या म्हणजे नेमकं काय हेच कुणी पक्कं केलेलं नाही, मग त्याने त्याचे ते कट्स काढले, म्हणजे सगळ्या अपूर्णांकांचे डावा-उजवा असे दोन गट पाडून त्यांच्या मधली जागा म्हणजे संख्या, १८७२ ला छापले, आणि त्यात सरळ लिहिलं की √२ × √३ = √६ यासारख्या गोष्टी आपल्या माहितीप्रमाणे आजवर कुणी सिद्धच केलेल्या नाहीत. जे आपण नववीला एका ओळीत देऊन टाकतो ते १८७२ पर्यंत नीट सिद्ध नव्हतं. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गातले चेहरे बघण्यासारखे होते.

मग फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे १.४ × १.७ = २.३८, मग १.४१ × १.७३ = २.४३९३, मग तिचंच २.४४९०४८. उजवीकडे शेवटचा आकडा एकाने वाढवून १.५ × १.८ = २.७, १.४२ × १.७४ = २.४७०८, १.४१५ × १.७३३ = २.४५२१९५. डावी बाजू वर चढतेय, उजवी खाली येतेय आणि दोघींच्या मधे √६ कोंडला जातोय. मुलं आपणहून पुढचे गुणाकार करायला लागली, तास संपला तरी दोघं-तिघं फळ्यापाशीच. उत्तर हेच होतं की गुणाकार उजव्या टोकाकडून करायचाच नाही, जवळजवळ जात राहायचं, आणि ते जवळ जाणं एकाच ठिकाणी पोचतं याची खात्री म्हणजेच आमच्या रिअल अॅनालिसिसच्या पेपरातला कम्प्लीटनेस, वास्तव संख्यांच्या रेषेत कुठेही भोक नाही हा गुणधर्म. हा शब्द मी वर्गात उच्चारलाही नाही, पण तो मला कळलेला नसता तर बहुतेक "नियम आहे, लक्षात ठेव" एवढंच म्हणून पुढे गेले असते.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. दूरशिक्षणाच्या संपर्क सत्रात, म्हणजे प्रत्यक्ष तासांना, हेच प्रकरण झालं तेव्हा √६ चं नाव कुणी काढलं नाही, थिअरम, प्रूफ, पुढचं थिअरम. समोर निम्म्याहून जास्त शाळेतले शिक्षक बसलेले, तरी शाळेच्या गणिताचा उल्लेख नाही. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १९०८ मध्येच हे लिहून ठेवलंय, विद्यापीठात आलं की शाळेचं गणित बाजूला पडतं आणि शिक्षक होऊन शाळेत परतलं की विद्यापीठाचं, दोन्ही वेळा धागा तुटतो. त्याने त्यासाठीच शिक्षकांना म्हणून वेगळी लेक्चर्स दिली होती. शंभर वर्षं उलटून गेली आणि आम्ही अजून तिथेच.

बाकी वेळेचं गणित सगळ्या मास्तरांचं असतं तसंच, जेवणं आवरली की हेडफोन लावून एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाची लेक्चर्स, आयआयटीचे प्राध्यापक फुकटात घरी येऊन शिकवतात ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासायला आले की अभ्यास बंद. कंटाळा आला की मला वायरश्ट्रास आठवतो, ज्याच्यामुळे एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे 'जवळ जाणं' काटेकोरपणे मांडायची पद्धत, आपल्यापर्यंत पोचली तो गणितज्ञ १८५५ पर्यंत शाळामास्तर होता, गणिताबरोबर हस्ताक्षर आणि जिम्नॅस्टिक्सही शिकवायचा!

मला एमएससीत एक तरी पेपर असा हवाय की ज्यात आम्ही शिकवतो तिथूनच सुरुवात होईल. कोन दुभागता येतो मग कंपास-पट्टीने त्याचे तीन समान भाग का नाही करता येत, हे दहावीतलं पोरगं दरवर्षी विचारतं, त्याचं उत्तर वान्त्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ ला दिलंय आणि ते आमच्या बीजगणितातल्या फील्ड एक्स्टेन्शनमध्ये (संख्यांच्या संचात नवी संख्या घालून तो वाढवणं) बसतं, ६० अंशांचा एकच कोन घेऊन दाखवता येतं. ऋण गुणिले ऋण धन का, तेही रिंगच्या, म्हणजे बेरीज-गुणाकाराच्या मूळ नियमांवरून चार ओळीत निघतं. पुढच्या संपर्क सत्राला हे दोन्ही लिहून नेणार आहे आणि सरांना विचारणार आहे की शेवटचा अर्धा तास यासाठी द्याल का.