मृगाचा बाण दिसला तेव्हा

नऊ वर्षांपूर्वी मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण घेतली आणि युवक मंडळांसाठी आकाशदर्शन सुरू केलं. पहिला कार्यक्रम नागपुरातल्याच एका गच्चीवर, कोजागिरीला. साठेक मुलं रांगेत, प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून नुसता पांढराफटक दिसतो, कारण समोरून पडलेल्या उजेडात विवरांच्या सावल्याच राहत नाहीत. शिवाय त्या चांदण्यात फिकट तारे बुडालेले. मुलं दूध पिऊन घरी गेली. पैसे मिळाले, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

तेव्हापासून कोजागिरीचं काम घेत नाही. चंद्र दाखवायचा तर शुद्ध अष्टमीच्या आसपास, तारे दाखवायचे तर अमावास्येला, शहराबाहेर. आम्ही रामटेकच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतात शिबिरं घेतो. 2024 मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र ठरलं, तेव्हापासून चौकशी वाढली. इकडचा अंधार जपण्यासारखा आहे हे लोकांना त्यामुळे पटायला लागलं, याचा मला फार आनंद आहे.

शिकवण्याची पद्धत मात्र आम्हाला एका मुलाने दिली. जानेवारीतली रात्र, गावातल्या मंडळाची पोरं. मी मृग दाखवत होतो. तो म्हणाला, "दादा, मृग त जूनमधे लागते नं? आता कुठून आला?" मला उत्तर माहीत होतं, पण हा प्रश्न पडू शकतो हेच कधी सुचलं नव्हतं. मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो, म्हणून जूनमध्ये मृग दिवसा डोक्यावर असतो आणि दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला पोचते, तेव्हा तोच मृग रात्री दिसतो. मी शेकोटीच्या जागी एकाला सूर्य म्हणून उभं केलं आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती फिरवलं. ज्याच्या घरी मृगावर पेरणी होते, त्याने बाणाच्या तीन ताऱ्यांवरून रेघ पुढे नेत स्वतः व्याधाचा तारा शोधला.

आता पहिला अर्धा तास दुर्बीण झाकलेलीच असते. मोबाइल पिशवीत, टॉर्चवर लाल जिलेटिन, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. ध्रुव क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो; नागपूरचा अक्षांश 21, म्हणून दोन मुठींवर. मग दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, ज्याचा उजेड सुमारे 1300 वर्षांपूर्वी निघालेला.

पावसाळ्यात काम बंद असतं, तेव्हा आरसे कोरडे ठेवणं हीच मोठी चिंता. मेच्या शेवटच्या आठवड्यात शाळांच्या मैदानांवर शून्य सावलीचा कार्यक्रम करतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. यंदा त्याच गावातला तो मुलगा आमच्यासोबत काठी रोवायला आला होता.